इन्सॅटला एकच पंख का होता?

माळरान:

१९८४ च्या डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या गावी शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. मी नववीत होतो. वर्तमानपत्रात आलेलं इन्सॅट-१बी या भारताच्या उपग्रहाचं चित्र कापून वहीत चिकटवून ठेवलं होतं, त्यावरून मी प्रतिकृती केली. चहापत्तीचा पत्र्याचा डबा, त्यावर मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद. एका बाजूला पंख म्हणून पुठ्ठ्याच्या पाच पाट्या, निळ्या जिलेटिनच्या कागदात गुंडाळलेल्या (खऱ्या उपग्रहात या पाट्या उन्हापासून वीज करतात). दुसऱ्या बाजूला मोडक्या छत्रीची काडी आणि तिच्या टोकाला चंदेरी कागदाचा शंकू. चित्रात तसंच होतं.

परीक्षकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "अरे, दुसरा पंख लावायचा राहिला की. एका पंखाचा उपग्रह तोल कसा सांभाळणार?" मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी सरांनी काडी उपटायला लावली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना सारखे पंख असलेली प्रतिकृती मांडली आणि तिला तिसरा क्रमांक मिळाला. त्या बक्षिसाचा आनंद मला कधीच झाला नाही. जे नीट पाहिलं होतं ते मी स्वतःच्या हाताने खोडलं, ही बोच राहिली.

मागच्या आठवड्यात पुतणीने शाळेसाठी उपग्रहाचं चित्र काढलं, तेही दोन पंखांचं, आणि ते सगळं वर आलं. म्हणून हा धागा. परीक्षकांचा प्रश्न बरोबर होता, उत्तरही त्याच प्रतिकृतीत लावलेलं होतं. ती काडी आणि तो शंकू तोल सांभाळण्यासाठीच होते.

इन्सॅट-१ मालिकेतल्या उपग्रहाकडून तीन कामं करून घ्यायची होती. टेलिफोनसाठी सी बँड या रेडिओलहरींच्या पट्ट्यातले १२ ट्रान्सपॉंडर (खालून आलेला संदेश परत खाली पाठवणारी यंत्रं), थेट प्रक्षेपणासाठी एस बँड या दुसऱ्या पट्ट्यातले २, आणि ढगांची छायाचित्रं घेणारं व्हीएचआरआर नावाचं उपकरण. रात्रीचे ढग दिसायचे तर उष्णतेच्या किरणांनी पाहावं लागतं, आणि ते टिपणारा संवेदक स्वतः उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड असावा लागतो. नाहीतर त्याला स्वतःचीच ऊब दिसत राहते. वर फ्रीज न्यायचा नाही, वीज मोजकी. मग उपाय असा की संवेदकाला जोडलेला एक पत्रा काळ्याकुट्ट रिकाम्या आकाशाकडे तोंड करून ठेवायचा. उष्णता आपोआप निघून जाते.

पण रिकामं आकाश सापडणार कुठे? भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाची एक बाजू कायम पृथ्वीकडे असते. पूर्व, पश्चिम आणि पाठीमागची बाजू यांच्यावर दिवसातून एकदा ऊन येतंच. उरल्या उत्तर आणि दक्षिण. पंख लावायलाही याच दोन बाजू सोयीच्या, कारण तिथून दांडा फिरवत पंख सूर्याकडे वळवता येतो. उत्तरेला पंख लावला असता तर उन्हात तापलेला तो भला मोठा पसारा थंड पत्र्याच्या समोर आला असता. म्हणून पंख फक्त दक्षिणेला. उत्तर बाजू मोकळी.

आता परीक्षकांचा प्रश्न. सूर्यप्रकाशाला दाब असतो. एका चौरस मीटरवर जेमतेम अर्धा मिलिग्रॅम वजन ठेवावं एवढाच. आपल्या तळहाताला तो कधी जाणवणार नाही. पण वर हवा नाही, घर्षण नाही, आणि हा दाब एकाच बाजूच्या पंखावर दिवसरात्र पडतो. उपग्रह हळूहळू कलंडायला लागतो. तो सावरायला दर वेळी इंधन जाळावं लागेल. म्हणून उत्तरेला लांब दांडी आणि टोकाला हलकं शंकूच्या आकाराचं शीड. पंखाचं क्षेत्रफळ मोठं पण अंतर कमी, शिडाचं क्षेत्रफळ कमी पण अंतर मोठं. बाजारातला जुना दांडीचा काटा आठवा, एका बाजूला पोतं आणि लांब दांडीवर छोटंसं वजन. तेच तत्त्व, फक्त वजनाच्या जागी ऊन. लांब दांडीमुळे शीड थंड पत्र्यासमोर फारसं येतही नाही.

हे शीड किती मोलाचं होतं ते इन्सॅट-१ए ने दाखवलं. फोर्ड एरोस्पेसने अमेरिकेत बांधलेला हा उपग्रह १० एप्रिल १९८२ ला डेल्टा अग्निबाणाने गेला. वर गेल्यावर सी बँडचा अँटेना अडकला, तो महत्प्रयासाने मोकळा केला. शीड मात्र उघडलंच नाही. स्थिती सांभाळण्याचं इंधन संपलं आणि ६ सप्टेंबर १९८२ ला तो सोडून द्यावा लागला. पाच महिनेही पुरते झाले नव्हते.

पुढचा १बी. तो ३० ऑगस्ट १९८३ ला चॅलेंजर शटलच्या, म्हणजे अमेरिकेच्या परत येणाऱ्या अवकाशयानाच्या पोटातून गेला. शटलचं ते पहिलं रात्रीचं उड्डाण, आणि रात्रीची वेळ निवडण्याचं कारण आपला उपग्रहच. त्याला ७४ अंश पूर्व रेखांशावर नेण्याचं गणित त्या वेळेलाच जुळत होतं. शटल फक्त तीनशे किलोमीटरच्या आसपास नेतं. तिथून उपग्रहाला भोवऱ्यासारखा गरगर फिरवून बाहेर सोडायचं, मग त्याला जोडलेला पाम-डी हा घन इंधनाचा टप्पा पेटतो आणि त्याला लांबट कक्षेत भिरकावतो. ते सगळं सुरळीत झालं आणि मग पंख उघडेना. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कर्नाटकातल्या हसनच्या नियंत्रण केंद्रातल्या लोकांनी आणि फोर्डच्या अभियंत्यांनी काय काढलं असेल, याची मी कल्पना करतो तेव्हा आजही छाती धडधडते. नुकताच एक गमावलेला. दुसराही तसाच चाललेला. शेवटी पंख उघडला. १५ ऑक्टोबर १९८३ पासून १बी कामाला लागला.

१९८४ साली गावोगाव दूरदर्शनचे छोटे मनोरे उभे राहिले ते त्याच्या जोरावर. आमच्या गावात पहिला टीव्ही आला तो त्याच वर्षी, आणि रात्री बातम्यांच्या शेवटी ढगांचं चित्र दिसायचं. ते चित्र त्या एका थंड पत्र्यामुळे यायचं आणि पत्रा थंड राहायचा उत्तरेच्या मोकळ्या बाजूमुळे. हे मला फार वर्षांनी, पॉलिटेक्निकला शिकवायला लागल्यावर कळलं.

उपग्रहाचा आकार असा वाचता येतो, हे मला मुलांना सांगायचं असतं. इथे त्या काळात या क्षेत्राच्या जवळ असलेले कोणी आहेत का? तुम्ही पाहिलेलं लिहा.

जुन्नरकर:

माळरानदादा, वाचताना अंगावर काटा आला. आम्ही नारायणगावजवळचे. आर्वीचं उपग्रह भूकेंद्र आमच्या डोळ्यांसमोरचं. २६ फेब्रुवारी १९७१ ला ते सुरू झालं. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं. २९.७ मीटर व्यासाची तबकडी होती. आम्ही तिला छत्री म्हणायचो. शेतातून पाहिली की डोंगराच्या पार्श्वभूमीवर पांढरी वाटी ठेवल्यासारखी दिसायची. तोंड नैऋत्येला, हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या उपग्रहाकडे.

माझे मामा तिथे विजेच्या कामावर होते. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट सांगतो. उपग्रह जागचा हलत नाही असं पुस्तकात असतं, पण एवढ्या मोठ्या तबकडीची नजर फार अरुंद असते, अंशाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. उपग्रह किंचित सरकला तरी तो नजरेतून निसटेल. म्हणून ती अजस्र छत्री दिवसभर केसाएवढी हलत असायची. लांबून कळायचं नाही. मामा म्हणायचे, खाली उभं राहून मोटारीचा आवाज ऐकला की कळतं.

त्याआधी परदेशी फोन लघुलहरींच्या रेडिओवरून जायचे. आवाज लाटांसारखा वरखाली व्हायचा, मध्येच बुडायचा. आर्वीनंतर आवाज स्वच्छ झाला, पण एक नवीनच गोष्ट आली. लहर ३६ हजार किलोमीटर वर जाणार, तेवढीच खाली येणार, उत्तर पुन्हा त्याच वाटेने. अर्धा सेकंद जातो. लंडनला असलेल्या आत्याशी बोलताना दोघंही एकदम बोलायला लागायचे आणि दोघंही एकदम थांबायचे. मामांनी आजीला शिकवलं होतं: आपलं बोलून झालं की मनात 'एक' म्हणायचं आणि मग कान द्यायचा. आजी शेवटपर्यंत गावातल्या फोनवरसुद्धा तसंच करायची.

सायली_म:

खूप सुंदर धागा. मला दोन शंका आहेत. उत्तर बाजूला ऊन अजिबात येत नाही का? उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकतो ना? आणि उपग्रह एकदा जागेवर बसला की तिथेच राहतो, मग इंधन कशाला लागतं? बातम्यांत नेहमी असतं की इंधन संपलं म्हणून उपग्रह निवृत्त झाला.

माळरान:

जुन्नरकर, आजींचं 'एक' लक्षात राहील.

सायली, पहिली शंका अगदी नेमकी आहे. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत उत्तर बाजूवर तिरपं ऊन येतं, जास्तीत जास्त साडेतेवीस अंशांनी. त्यासाठी थंड पत्र्याभोवती आडोसा असतो, दुकानाच्या फळीवर झाप असते तसा. तिरपं ऊन आडोशाने अडवता येतं, डोक्यावरचं अडवता आलं नसतं. दुसऱ्या शंकेचं उत्तर माझ्यापेक्षा जाणकार कोणी देईल तर बरं.

कावेरीकाठ:

मी मूळचा सांगलीचा, चाळीस वर्षं बंगळूरमध्ये. उपग्रहांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत काम केलं. सायलीताईंच्या शंकेपासून सुरू करतो.

आधी एक दुरुस्ती. आपण सगळेच भूस्थिर आणि भूसमकालिक हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पृथ्वीच्या एका फेरीएवढ्याच वेळात, म्हणजे २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत फेरी मारतो तो भूसमकालिक. त्यातला जो नेमका विषुववृत्तावर आहे तोच भूस्थिर, कारण बाकीचे आकाशात इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वरखाली फिरतात. इतिहासातही हे दोन वेगळे टप्पे आहेत. अमेरिकेच्या ह्यूजेस कंपनीतल्या हॅरॉल्ड रोझेन, डॉन विल्यम्स आणि टॉम हडस्पेथ या तिघांच्या कल्पनेतून सिंकॉम हा उपग्रह उतरला. सिंकॉम-१ फेब्रुवारी १९६३ मध्ये गेला, शेवटची मोटर पेटवताना गप्प झाला. सिंकॉम-२ त्याच वर्षीच्या २६ जुलैला गेला, तो भूसमकालिक पण ३३ अंश कललेला. कारण डेल्टाची ताकद तेवढीच. सिंकॉम-३ ऑगस्ट १९६४ मध्ये खऱ्या अर्थाने भूस्थिर झाला आणि टोकियो ऑलिंपिकची चित्रं त्याने पॅसिफिक ओलांडून नेली. वजन चाळीस किलोच्या आत. हा आकारही वाचता येतो: नगाऱ्यासारखं पिंप, स्वतःभोवती गरगर फिरणारं, कारण फिरणारी वस्तू आपोआप सरळ राहते. सौरघट पिंपाच्या अंगभर चिकटवलेले. पण एका वेळी जेमतेम तिसरा हिस्साच कामाला येतो, बाकीचे सावलीत. जास्त वीज हवी तर पिंप सोडून पंख पसरावे लागतात, आणि पंख पसरले की फिरणं बंद, मग तोल चाकांनी आणि झोतांनी सांभाळायचा. तिथून माळरानदादांची शिडाची गोष्ट सुरू होते.

आता इंधन. चंद्र आणि सूर्य उपग्रहाची कक्षा सतत कलती करत असतात, वर्षाला पाऊण ते एक अंश. ते सरळ करायला वर्षाला सुमारे ५० मीटर प्रतिसेकंद एवढा वेगातला बदल द्यावा लागतो. बहुतेक इंधन यात जातं. ते संपलं की उपग्रहातली सगळी यंत्रं ठणठणीत असली तरी तो खालच्या छोट्या तबकड्यांच्या नजरेतून वरखाली व्हायला लागतो.

पूर्व-पश्चिम सरकण्यात मात्र आपल्याला निसर्गाचं दान आहे, आणि हे मला प्रत्येक मराठी मुलाला सांगावंसं वाटतं. विषुववृत्त नीट वर्तुळ नाही, किंचित लांबट आहे. त्यामुळे भूस्थिर कक्षेत दोन जागा खळग्यासारख्या आहेत, तिथे उपग्रह आपणहून ओढला जातो. त्यातली एक ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सांगली, सातारा, पुणे, औरंगाबाद यांच्या रेखांशाला जवळजवळ लागून. १बी ची जागा ७४ अंश होती, म्हणजे खळग्याच्या तळाशीच. तिथे पूर्व-पश्चिम टिकून राहायला जवळजवळ इंधन लागत नाही. जगभरचे बंद पडलेले कित्येक उपग्रह याच खळग्याभोवती पाळण्यासारखे मागेपुढे हेलकावत असतात.

पश्चिमघाट:

माहिती चांगली आहे, पण एक विचारतो. इन्सॅट-१ अमेरिकेत बांधला, अमेरिकेच्याच यानातून गेला. तो विकत घेतलेला उपग्रह. त्याचा एवढा अभिमान कशासाठी? आपण स्वतः केलं ते काय?

कावेरीकाठ:

प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१बी च्या आधी आपण स्वतः बांधलेला ॲपल हा उपग्रह होता. १९ जून १९८१ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपच्या एरियान अग्निबाणाच्या तिसऱ्या चाचणी उड्डाणातून गेला. चाचणी उड्डाण होतं म्हणून जागा फुकट मिळाली, आणि फुकट का मिळते ते आधीच्या वर्षी दिसलं होतं: मे १९८० मधलं दुसरं उड्डाण फसलं होतं. बंगळूरच्या पीण्या भागातल्या औद्योगिक शेडमध्ये ॲपल बांधला. आर. एम. वासगम हे प्रकल्पप्रमुख. बैलगाडीवर ठेवलेल्या ॲपलचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेलच. बरेच जण ते गरिबीचं चित्र म्हणून दाखवतात, याचा मला फार त्रास होतो. अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती. लोखंडी ट्रकवर ठेवलं की धातू लहरी परतवतो आणि मोजमाप बिघडतं. लाकडी गाडी हे त्या चाचणीचं योग्य साधन होतं.

उड्डाणाच्या वेळी ॲपल ६७० किलोचा. लांबट कक्षेतून वर्तुळाकार कक्षेत नेणारी त्याची मोटर आपल्या एसएलव्ही-३ अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावरून केलेली. वर गेल्यावर दोनपैकी एक पंख उघडला नाही. अर्ध्या विजेवर, तापमान राखण्यासाठी जागचा फिरवत फिरवत, १०२ अंश पूर्वेला तो सव्वादोन वर्षं चालवला. भूस्थिर उपग्रह हाताळणं म्हणजे काय ते आपली माणसं त्यावर शिकली. १बी चा पंख अडकला तेव्हा हसनमध्ये बसलेल्यांना अडकलेल्या पंखाचा उपग्रह नवीन नव्हता.

आणि त्याही आधी साइट, म्हणजे उपग्रहावरून खेड्यांत शिक्षणाचे टीव्ही कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी ३५ अंश पूर्वेला आणला होता. त्याचा नऊ मीटरचा अँटेना अवकाशात छत्रीसारखा उघडायचा, म्हणून जमिनीवर तीन मीटरची कोंबड्यांच्या जाळीची तबकडी पुरायची. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण प्रकल्पाची धुरा कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांकडे होती. अवकाशात मोठा अँटेना, गावात स्वस्त अँटेना. खर्च कुठे करायचा याचा हा निर्णय गावाच्या बाजूने घेतलेला होता.

म्हणून इन्सॅट-१ विकत घेतला तरी काय हवं ते आपण ठरवलं होतं. तीन कामं एकात ही मागणी आपली. त्यातूनच एकच पंख आणि शीड हा अवघड आकार आला. आणि १० जुलै १९९२ ला इन्सॅट-२ए गेला तो बंगळूरमध्ये बांधलेला, १९०६ किलोचा. त्यालाही एकच पंख आणि उत्तरेला शीड. या वेळी ते वेळेवर उघडलं. आमच्या कारखान्यातून त्या मालिकेसाठी काही कंस आणि चौकटी गेल्या होत्या. एका तुकड्यावर खरवड निघाली म्हणून सगळा घाण्याचा घाणा परत आला होता. मालक चिडले. दुसऱ्या दिवशी तिकडून एक वयस्कर तपासनीस स्वतः आले आणि आम्हा कामगारांना भिंग देऊन म्हणाले, "वर कंप झाला की चीर इथूनच सुरू होईल. तिथे पान्हा घेऊन कोण जाणार?" मी तेव्हा पस्तिशीत होतो. त्यानंतर एकही तुकडा भिंगाखाली न घालता हातावेगळा केला नाही.

फसलेलंही सांगतो. इन्सॅट-२डी जून १९९७ मध्ये वर गेला आणि ऑक्टोबरात विजेच्या बिघाडाने बंद पडला. अरबसॅट या अरब देशांच्या संस्थेचा वर असलेला उपग्रह विकत घेऊन वेळ मारून न्यावी लागली. जीएसएलव्ही या आपल्या अग्निबाणाचा प्रवास तर फार खडतर. १८ एप्रिल २००१ च्या पहिल्या उड्डाणात रशियाकडून घेतलेला क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाचा) टप्पा थोडा कमी पडला आणि जीसॅट-१ ला स्वतःचं इंधन जाळून वर चढावं लागलं. ते वाटेतच संपलं, फेरी जवळजवळ २३ तासांची झाली. भूसमकालिक व्हायला सुमारे एक तास कमी. १० जुलै २००६ ला इन्सॅट-४सी बंगालच्या उपसागरावर नष्ट झाला. १५ एप्रिल २०१० ला आपला स्वतःचा क्रायोजेनिक टप्पा पहिल्यांदा उडाला आणि हायड्रोजनचा पंप थांबला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पुन्हा अपयश. ५ जानेवारी २०१४ ला आपल्या टप्प्याने जीसॅट-१४ ठरलेल्या कक्षेत पोचवला तेव्हा आमच्या घरी मी आणि बायको दोघंच होतो. मी उठून देवापाशी गेलो आणि तिथेच बसून राहिलो.

अंबाजोगाईचा_केबलवाला:

कावेरीकाठ साहेब, नमस्कार करतो तुम्हाला.

मी १९९२ ला केबलचा धंदा सुरू केला. गच्चीवर बारा फुटी जाळीची डिश, तिच्यासमोर लहरी गोळा करणारा कर्णा म्हणजे फीडहॉर्न, आणि सिग्नल वाढवणारी डबी म्हणजे एलएनबी. पहिली डिश लावली एशियासॅट-१ वर, १०५.५ अंशावर. आमच्याकडून आग्नेयेला, साधारण अर्ध्या आकाशात. स्टार आणि पुढे झी त्याच्यावरच. मला फार उशिरा कळलं की हा उपग्रह आधी एकदा वाया गेलेला होता. मूळ नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये शटलमधून सोडला आणि त्याचा पाम-डी टप्पा लगेच विझला. म्हणजे माळरान सरांच्या १बी ला ज्या टप्प्याने पाच महिन्यांआधी नीट पोचवलं, त्याच जातीचा. तो खालच्या कक्षेत अडकून पडला. नोव्हेंबर १९८४ मध्ये अंतराळवीरांनी बाहेर जाऊन त्याला धरला, शटलमध्ये घातला, परत आणला. दुरुस्त करून ७ एप्रिल १९९० ला चीनच्या लाँग मार्च-३ ने पुन्हा पाठवला. अंबाजोगाईत घरोघरी जी चित्रं दिसली ती माणसांनी हाताने धरून आणलेल्या उपग्रहावरून आली. मी ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो, कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी डिश ८३ अंशाच्या इन्सॅटवर. ती लावायची आमची एक पद्धत लिहितो. दर वर्षी १२ मार्चच्या आसपास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास चार-पाच दिवस, दुपारी बाराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जातं. उपग्रहाच्या बरोब्बर पाठीमागे सूर्य येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. गिऱ्हाइकांचे फोन येतात, शिव्या पडतात. पण त्याच वेळी गच्चीवर जायचं. फीडहॉर्नची सावली डिशच्या नेमकी मध्यावर पडली असेल तर डिश बरोबर आहे. बोटभर इकडे-तिकडे असेल तर पाना घेऊन तेवढीच सरकवायची. मीटरपेक्षा ही सावली मला खरी वाटते. माझ्या पोरालाही मी तीच शिकवली.

खाडीपलीकडे:

सॅन होजेहून लिहितेय, मूळची चिपळूणची. इन्सॅट-१डी चं कोणी लिहिलं नाही म्हणून. १सी जुलै १९८८ मध्ये एरियानने गेला आणि विजेच्या बिघाडाने अर्धा निकामी झाला, नोव्हेंबर १९८९ मध्ये पूर्ण गेला. त्यामुळे सगळी भिस्त १डी वर होती. जून १९८९ मध्ये तो फ्लोरिडात डेल्टावर चढवलेला असताना क्रेनचा हूक पडून त्याला इजा झाली. दुरुस्तीसाठी परत आमच्या इथे, पालो आल्टोला आणला. आणि १७ ऑक्टोबर १९८९ चा भूकंप झाला.

मी तेव्हा इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. संध्याकाळी पाच वाजून गेले होते, मी कुकर लावत होते. कपाटातली सगळी भांडी खाली आली. त्या भूकंपात कारखान्यातल्या १डी ला पुन्हा थोडा मार बसला हे मला नंतर एका शेजारणीकडून कळलं. तेव्हा मी उपग्रहासाठी रडले, हे आता लिहिताना कोणाला खरं वाटणार नाही. चिपळूणला आईने बातम्यांत ढग पाहायचे आणि मी इथून पत्रात विचारायचं, पाऊस कुठवर आला. एवढंच नातं होतं. पण १२ जून १९९० ला तो गेला आणि २००२ पर्यंत चालला. पहिल्या मालिकेत सगळ्यात जास्त मार खाल्लेला तोच सगळ्यात जास्त टिकला.

सायली_म:

आता मला सगळ्या चित्रांत पंख मोजायची सवय लागणार. हल्लीच्या जीसॅटला दोन पंख दिसतात, ते हवामानाचं उपकरण नसतं म्हणून, बरोबर?

कावेरीकाठ:

अगदी बरोबर. निव्वळ दळणवळणाचा उपग्रह असेल तर उत्तर बाजू मोकळी ठेवायची गरज नाही. हवामानाचं काम हळूहळू वेगळ्या उपग्रहांकडे गेलं. २००२ चा कल्पना-१ त्यातला पहिला. २०१३ चा इन्सॅट-३डी पाहा, त्याला पुन्हा एकच पंख आहे, पण शीड नाही. तिथे वर्षातून दोनदा अख्खा उपग्रह अर्धा वळवतात, म्हणजे थंड पत्रा कायम सूर्याच्या उलट अंगाला राहतो. तोल चाकं सांभाळतात.

आणि दोन पंखांचे आता केवढे झालेत! डिसेंबर २०१८ चा जीसॅट-११ ५८५४ किलोचा, एरियान-५ ने गेला. २ नोव्हेंबर २०२५ ला श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ या आपल्या अग्निबाणाने नेलेला सीएमएस-०३ सुमारे ४४०० किलोचा. कुरू विषुववृत्तापासून पाच अंशांवर, श्रीहरिकोटा साडेतेरा-चौदा अंशांवर. तो कल काढायला उपग्रहाला थोडं जास्त इंधन लागतं, तरी आपल्या जमिनीवरून एवढं वजन गेलं.

माळरान:

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीपलीकडे ताई, तुमचं अश्रूंचं मला पूर्ण खरं वाटतं. केबलवाले दादा, येत्या १२ मार्चला मी शेजाऱ्यांच्या डिशची सावली पाहायला गच्चीवर जाणार आहे.

माझी जुनी प्रतिकृती उरलेली नाही, घर बांधताना वाळवी लागलेल्या सामानात गेली. रविवारी पुतणीला हा धागा वाचून दाखवला. तिने स्वतःच्या चित्रातला डावा पंख खोडरबरने पुसला आणि विचारलं, "काका, काडी किती लांब?" पंखाचं क्षेत्रफळ, शिडाचं क्षेत्रफळ आणि दोन्हीची अंतरं मांडून आम्ही ती काढली. मग चहाचा डबा, निळे कागद, आणि छत्रीची काडी ती कुठूनशी घेऊन आली. प्रतिकृती दिवाणखान्यात टांगली आहे. उत्तर कुठे ते तिने होकायंत्राने पाहिलं. काडी स्वयंपाकघराच्या दाराकडे आली आहे, येता-जाता डोक्याला लागते, पण ती हलवू देत नाही.